तेवीस नंबरची रुंदी

१

श्रावण लागला की वच्छलाची दुपार ठरलेली असे. एकदाच जेवायचं ते बाराच्या आत, मग ओटा धुवायचा, आणि मग देवघरापुढे चटई टाकून वाती वळायला बसायचं. एकोणसत्तर सालच्या त्या चातुर्मासात तिने लाख वातींचा नेम धरला होता. दुसरा नेम खोटं न बोलण्याचा. पहिला सोपा, असं ती हसून म्हणे. कापूस ऐकतो, जीभ ऐकत नाही.

तिच्या वाती पाहायला खालच्या घरमालकीण तुळसाबाई मुद्दाम जिना चढून येत. ढिगातून कोणत्याही दोन काढा, शेजारी ठेवा, लहान-मोठी कळायची नाही. "तुह्या बोटात फूटपट्टी बसवली हाय का वं?" असं त्या दर खेपेला विचारत. वच्छलाचे वडील उमरेडचे विणकर. मागावर ताणलेल्या धाग्यांतला ढिला धागा नुसतं बोट फिरवून सांगायचा, हे तिला पाचव्या वर्षापासून येत होतं.

त्या दिवशी शालिकराम भर दुपारीच घरी आला. हातात टिनाची पेटी, वर सुतळी. शालिकराम हेडाऊ, वच्छलाचा नवरा, मेडिकल कॉलेजात शरीररचनेच्या विभागात डेमॉन्स्ट्रेटर होता आणि दोन वर्षांपासून प्रबंध लिहीत होता. विषय, मानेचा पहिला मणका. असे साठ मणके त्याने मोजून काढले होते. वच्छलाला तो विषय ऐकून ऐकून पाठ झाला होता.

"सरांनी परत केला," तो चपला न काढताच म्हणाला.

"काहून जी?"

"दुसरा रकाना पाहिला अन् चष्मा काढून ठेवला. म्हणाले, हेडाऊ, दोन माणसं एकच हाड मोजतात तेव्हा आकडे इतके गोड जुळत नसतात. तुमच्या मित्राने हाडं मोजली नाहीत, तुमची वही पाहिली." शालिकराम खाली बसला. "अन् खरंच आहे ते. त्यानं पाहूनच उतरवले. आता पंधरा दिवस दिले. साठही मणके दुसऱ्या माणसानं मोजायचे, ज्यानं माझे आकडे पाह्यलेच नाही. दोघांत अर्ध्या मिलिमीटरच्या वर फरक नको. एकही मणका गाळायचा नाही, यादी आधीच दाखल झालेली आहे. शेवटच्या दिवशी सर स्वतः त्यातले काही मोजून पाहतीन, मगच सही."

"अन् नाही जमलं त?"

"त ही जागा दुसऱ्याले. आपण उमरेडले. भाऊच्या दुकानात बसीन, दोरा विकीन."

मग त्याची नजर चटईवरच्या वातींच्या ढिगावर गेली आणि तिथेच थांबली.

२

जेवणाच्या टेबलावर त्याने वर्तमानपत्र पसरलं. टेबल म्हणजे लग्नातलं, एक पाय आखूड असलेलं. त्याने घडी घालून पुठ्ठा लावला, हलवून पाहिलं, पुन्हा लावला. मग पितळी व्हर्नियर काढला. दोन चोचींत वस्तू धरायची आणि खालच्या पट्टीवर मिलिमीटरचा दहावा भाग वाचायचा.

"दाबायचं नाही. ढिलं सोडायचं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रुंदी. हे कान आहेत न, त्यांच्या अगदी शेवटापर्यंत. रोज एकाच उजेडात. अन् एकदा लिहिला आकडा त मागे वळून पाहायचं नाही."

"वातीसारखंच आहे," ती म्हणाली.

त्याने वर्तमानपत्राच्या पुड्या सोडल्या. वच्छलाला वाटलं होतं भीती वाटेल. पण ती हाडं इतकी साधी, इतकी हलकी होती की तिला त्यांची कीवच आली. दोन्हीकडे कान फुटलेली अंगठी, तेवढाच आकार. वरच्या अंगाला दोन उथळ खळगे, दोन पणत्या शेजारी ठेवाव्यात तसे.

"हे कशाले?"

"त्यावर डोकं बसते."

प्रत्येकावर काळ्या शाईने बारीक नंबर. कोणाची मान, कुठला माणूस, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांना न्यायला कोणी आलं नाही, त्यांची.

शालिकराम हातपाय धुवायला गेला. वच्छला पेटीपुढे उभी राहिली. कोणाच्या मानेला न विचारता हात लावायचा, हे काही तिच्याने होईना. ती देवघरातून चिमूटभर अक्षता घेऊन आली. पेटीतून हाताला येईल तो मणका उचलला, पाटावर ठेवला, आणि सत्यनारायणाच्या पूजेत सुपारीला बसवतात तसं दोन्ही खळग्यांत अक्षता वाहून म्हणाली, "या. बसा. तुमचं माप घ्यायचं आहे. राग मानू नका."

मागून हसण्याचा आवाज आला. शालिकराम टॉवेलने मान पुसत उभा होता. "अवं, साठही जणांले बसवशील त माझे पंधरा दिवस इथंच जातीन."

ती ओशाळली. बाकीच्यांना तिने नुसता मनोमन नमस्कार केला. अक्षता वाहिलेला मणका उचलून टेबलावर ठेवला. तेवीस नंबर.

३

तीन दुपारींत साठ झाले. चौथ्या दिवशी शालिकरामने आपली वही काढली आणि तो आकडे वाचू लागला. एक तिचा, एक त्याचा. फरक दोन दशांश, एक दशांश, तीन दशांश. वाचता वाचता त्याचा आवाज उजळत गेला. "तुले कॉलेजात घेऊन जातो," तो म्हणाला. "पोरांले शिकवशील."

मग तो थांबला.

"तेवीस काय लिहिला?"

"पंच्याहत्तर."

"माझा चौऱ्याहत्तर दशांश दोन. आठ दशांशांचा फरक."

"चुकलं असंन माझं," ती म्हणाली. "परत घेते." उपासाचे दिवस, दुपारचा उजेड, एखाद्याला डोळा चुकायचाच. तिने मणका पुन्हा धरला, श्वास रोखून पट्टी वाचली, आणि व्हर्नियर त्याच्यापुढे केला.

पंच्याहत्तर दशांश तीन.

त्याने स्वतः मोजला. तेवढाच. त्याने जुनी वही काढली. जूनमध्ये त्याने हाच मणका तीन वेगवेगळ्या दिवशी मोजला होता आणि तिन्ही वेळा चौऱ्याहत्तर दोन लिहिलं होतं. "व्हर्नियर बिघडला," तो म्हणाला. त्याने खिशातलं पाच पैशाचं नाणं मोजून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. नाणं जिथल्या तिथे होतं.

तेवीस नंबर पंच्याहत्तर दशांश सहा भरला.

"ओल धरली असंल. श्रावण आहे."

"मग बाकीच्या एकोणसाठांनी काहून नाही धरली जी?"

त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांच्या नंबरांवर औषधाच्या चिकटपट्टीचे तुकडे लावले आणि दाण्यांसारखे मणके कालवले. "आता तुले माहीत नाही अन् मलेही नाही. मनाचा खेळ असंल त निघून जाईन." तिने एकेक करून दहा मोजले. सातवा हातात घेतला तेव्हा तिला वजनात काहीच निराळं वाटलं नाही. फक्त तो गार नव्हता. आधीचे सहा पितळी भांड्यासारखे गार होते. हा नुकत्याच कोणी उठलेल्या पाटासारखा होता.

आकडा लिहून तिने पट्टी सोलली. तेवीस.

४

"हे पाहा," शालिकराम दुसऱ्या दिवशी न्याहारीला म्हणाला. रात्रभर त्याने विचार केलेला दिसत होता. "साठांपैकी एक. कोणतंही काम शंभर टक्के नसते. तू चौऱ्याहत्तर तीन लिहून टाक."

"मी पाह्यलं नाही ते कसं लिहू?"

"मग मी माझा आकडा बदलतो."

"काय लिहान? आज पंच्याहत्तर सहा आहे. उद्या किती असंन? जे एका जागी राहतच नाही ते तुम्ही लिहान, अन् सर मोजतीन तवा तिसरंच निघंन."

त्याने भाकरीचा तुकडा ताटात टाकला. "तुझा नेम तुले पुण्य देईन. मले नोकरी कोण देईन?"

त्याने इतक्या वर्षांत असं कधी म्हटलं नव्हतं. वच्छलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागाने नाही. हा माणूस रॉकेलच्या चिमणीपुढे बसून शिकला. याच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. एक आकडा इकडचा तिकडे करायला तिच्या हाताला किती वेळ लागला असता? तिने देवाकडे पाहिलं. देव काही बोलला नाही, आणि तिला वाटलं की तेही उत्तरच असेल. अजून आठ-नऊ दिवस आहेत, तोवर काही ना काही मार्ग निघेल.

तो जायला निघाला, दारात थांबला, आणि जरा नरमून म्हणाला, "एक गंमत सांगू? वाळल्यावर हाड आकसते. वरची कूर्चा गळून जाते. जित्या माणसात हीच रुंदी दीड-दोन मिलिमीटर जास्त भरते. तुझा तेवीस नंबर..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. छत्री घेतली आणि गेला.

वच्छलाने भांडी घासता घासता हिशेब केला. चौऱ्याहत्तर दोनमध्ये दोन मिळवले.

५

"वरती कोण पाहुणे आले वं?" तुळसाबाईंनी तीन-चार दिवसांनी नळावर विचारलं.

"कोणी नाही."

"कोणी नाही कसं? दुपारी खुर्ची सरकते. मग करकरते. मी निजलेली असते न खाली. एकसारखं कोणी बसून हाय. चांगलं माणूस दिसते बाप्पा, उठत नाही, चालत नाही, काही मागत नाही."

"वेताची खुर्ची आहे. ओलीनं वाजते."

"हाव. अन् मी नाकानं ऐकते," म्हणून तुळसाबाई हसल्या आणि बादली घेऊन गेल्या.

वच्छला वर आली. ओलीने वेत वाजतो, हे खरंच होतं, ती काही खोटं बोलली नव्हती. पण बोलल्यावर तिच्या जिभेला बरं वाटलं नाही.

त्या दुपारी ती टेबलाकडे पाठ करून वाती वळायला बसली. बाहेर कोणीतरी रेडिओ लावला होता, दूरवर सायकलची घंटी, चुलीतल्या राखेत मांजराचं चुळबुळणं. त्या सगळ्या आवाजांत एक आवाज असा होता जो त्यांच्यातला नव्हता. बारीक. नियमित नाही. खुर्चीत बसलेला माणूस अवघडला की एका अंगावरून दुसऱ्या अंगावर भार घेतो, तेव्हा होतो तसा.

तिने हातातली वात पुरी केली. अर्धवट सोडायची नसते. मग वळून पाहिलं.

खुर्चीच्या पाठीवर शालिकरामचा टॉवेल होता. आणि टॉवेलच्या वर मान होती. मागून दिसणारी, खाली झुकलेली, उन्हाने रापलेली. बारीक कापलेले केस, त्याखाली घामाची एक चकाकती रेघ. न्हाव्यापुढे माणूस मान देतो तशी ती दिलेली होती, मुकाट, टेबलाकडे तोंड करून. त्या मानेत रागाचं काही नव्हतं. फक्त फार वेळ बसून राहिल्याचा थकवा होता.

खाली दुधवाल्याने कडी वाजवली. वच्छलाची पापणी लवली. टॉवेल तेवढा होता.

ती उठली, व्हर्नियरपाशी गेली. डोळे मिटून शंभर आकडे मोजले, मग तो उचलला आणि मणका धरला. शहात्तर दशांश दोन.

६

चार दिवस आकडा तिथेच राहिला. शहात्तर दोन. आता तो वाढत नव्हता. जेवढं व्हायचं तेवढं झालं होतं.

वच्छलाने शालिकरामला काही सांगितलं नाही. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण तो विचारत नव्हता. तो रोज उशिरा येई, पेटीकडे न बघता जेवे आणि भिंतीकडे तोंड करून पडे. शेवटच्या आदल्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "उद्या अकराले सर बसतीन. मी सांगून देतो का जमलं नाही."

"संध्याकाळपर्यंत थांबा जी."

तो गेल्यावर ती खुर्चीपुढे बराच वेळ उभी राहिली. खुर्ची रिकामी होती. तिला आता भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती. घरी माणूस बोलवावं, बसा म्हणावं, आणि मग आपल्या कामाला लागून विसरूनच जावं! आणि हा असा माणूस की ज्याला जन्मात कोणी 'या, बसा' म्हटलं असेल की नाही, देवाला ठाऊक. उठा म्हणाल्याशिवाय उठू नये एवढी त्याला रीत होती. चूक तिचीच होती.

बसवलेल्याला उठवायचं कसं, ते तिला माहीत होतं. तिने आंघोळ केली, पाट मांडला, तेवीस नंबर त्यावर ठेवला. हळद-कुंकू नाही, त्याचा धर्म तिला कुठे ठाऊक होता? दोन्ही खळग्यांत गुळाचा कण ठेवला, फुलाने पाणी शिंपडलं. अक्षता वाहिल्या.

"फार वेळ बसवलं तुम्हाले," ती म्हणाली. "तुमचं माप झालं. माह्या घरच्यांचं काम तुमच्यावर अडलं आहे. आता उठा."

उत्तरपूजेला करतात तसा तिने तो मणका बोटाने जरासा उत्तरेकडे सरकवला. मागे वेताची खुर्ची सुटल्यासारखी करकरली, एक मोठा श्वास सोडल्यागत. वच्छलाने वळून पाहिलं नाही. जाणाऱ्याला 'जा' म्हणणं तिच्या तोंडात बसलेलं नव्हतं. महालक्ष्म्यांना, माहेरी आलेल्या मावशीला, कल्हईवाल्यालासुद्धा ती जे म्हणे, तेच तिने हात जोडून म्हटलं.

"या बरं पुन्हा."

७

पण आता तिला पहिला आकडा ठाऊक होता. ठाऊक असताना मोजलेलं खरं कसं धरायचं? तिने तेवीस नंबरावर पुन्हा पट्टी लावली आणि गॅलरीतून तुळसाबाईंना हाक मारली.

"हाडं? मी हात नाही लावत बापा!" असं ओरडून तुळसाबाई वर आल्या, आणि स्वयंपाकघरातला झारा घेऊन त्यांनी चिकटपट्टीचे साठही मणके वर्तमानपत्रावर असे कालवले की जणू गुळाची बोंडं तळत आहेत. "शिंगाड्याची टरफलं दिसतात वं. यानं माणूस डॉक्टर होते?"

वच्छला मोजत गेली, सगळे साठ, दुपारभर. तुळसाबाई चहा पीत, डुलक्या घेत बसल्या. एकही मणका हाताला कोमट लागला नाही. एकाही आकड्याने डोकं वर काढलं नाही. सगळे लिहून झाल्यावर तिने पट्ट्या सोलायला सुरुवात केली, आणि चव्वेचाळिसाव्या पट्टीखाली तेवीस निघाला. तिने वहीत बोट नेलं.

चौऱ्याहत्तर दशांश दोन.

तिने स्वच्छ अक्षरात तो आकडा शेवटच्या रकान्यात, दौतीत बुडवलेल्या टाकाने उतरवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"काय झालं वं?"

"खरं निघालं," वच्छला म्हणाली.

तेवढ्यात शालिकराम आला. वही त्याच्यापुढे सरकवायची तिला इतकी घाई झाली की तिने त्याला छत्रीही ठेवू दिली नाही. त्याने रकाना वरून खाली वाचला, मग खालून वर. तेवीसवर बोट ठेवलं. वर्तमानपत्रावरून तो मणका उचलून स्वतः मोजला. मग तो खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा हसायला लागला. "उद्या," तो म्हणाला. "उद्या सर पाहतीन अन् सही करतीन. वच्छला, तुह्या हाताले..."

"चहा दे वं त्याले," तुळसाबाई म्हणाल्या.

"दोन कप ठेव," तो डोळे पुसत म्हणाला. "पाहुणे येऊन राहिले न."

"कोण पाहुणे जी?"

"आता, जिन्यात. वळणावर उभे होते, मान खाली घालून. मी जागा दिली त जाईनात."

"जिन्यात?" तुळसाबाई म्हणाल्या. "दुपारपासून खालचं दार म्या कडी घालून ठेवलं हाय. तू आला तवा माह्या पोरीनं उघडलं."

"असंन कोणी. मी विचारलं, वरती जायचं आहे का?" शालिकरामने कॉलरमध्ये बोट फिरवून आपली मान मोकळी केली. "बोलले नाही काही. नुसती मान हलवली, हो म्हणून. मोठ्या आनंदानं हलवली. म्हणून मी दार उघडंच ठेवून आलो."

वच्छलाने वहीकडे पाहिलं. चौऱ्याहत्तर दशांश दोन. शाई अजून वाळली नव्हती.